कार्टून कसं बघावं? अमेरिकन ॲनिमेशनकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

माझी भाची बारावीनंतर ॲनिमेशनच्या कोर्सला जायचं म्हणते. परवा तिने विचारलं, "मामा, अमेरिकन कार्टून्स नीट बघायची आहेत, कुठून सुरू करू?"

मी म्हटलं, "टॉम अँड जेरी बघितलंयस ना?"

"ते काय, हजारदा."

"मग टॉम कोट घालून पियानो वाजवतो, तेव्हा त्याची बोटं सुरांबरोबर पट्ट्यांवर पडतात की नुसतीच नाचतात?"

बाईसाहेब गप्प. रात्री फोन आला, "मामा, बरोबर पडतात!"

हजारदा डोळ्यांसमोरून गेलेली गोष्ट आपण बघितलेली असतेच असं नाही. ही कार्टून्स काढणारी माणसं काय करत होती हे ज्याला पहिल्यांदाच लक्ष देऊन बघायचंय, त्याच्यासाठी हा लेख. पायऱ्या माझ्या आहेत, मतंही माझीच. पटली नाहीत तर भांडा, पण बघून भांडा.

पायरी 1 : अमेरिकन म्हणजे नक्की कुठलं, हा घोळ आधी मिटवा

आपल्याकडे टीव्हीवर हलणारं प्रत्येक चित्र म्हणजे 'कार्टून', आणि कार्टून म्हणजे डिस्ने. डोरेमॉन आणि शिनचॅन जपानी आहेत, हे आताच्या पोरांना तरी ठाऊक असतं. माझ्या पिढीचा घोळ जास्त जुना आहे. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, गुलजारांचं 'जंगल जंगल बात चली है' सुरू झालं की अख्खी आळी घरात. ती मालिका जपानी होती. डिस्नेचं 'जंगल बुक' म्हणजे 1967 चा सिनेमा, आणि त्या दोघांतला मोगली एकमेकांना ओळखणारही नाही. त्याच काळात हिंदीतून दिसणारे 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' मात्र खरे डिस्नेचे.

उलटा घोळही आहे. 'द सिम्पसन्स'सारखी अस्सल अमेरिकन मालिका लिहिली जाते अमेरिकेत, पण तिची बरीचशी प्रत्यक्ष चित्रं सुरुवातीपासून दक्षिण कोरियात काढली गेली. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'चंही तेच. 1961-62 मध्ये टॉम अँड जेरीचे 13 भाग चक्क प्रागमध्ये तयार झाले. जीन डाइच नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने चेक कलाकारांकडून ते करून घेतले. लहानपणी काही भाग बघताना टॉम आजारी असल्यासारखा वाटायचा, आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमायचे, ते हे.

तेव्हा पारपत्र बघू नका. कथा कुठे रचली, पैसा कोणाचा आणि हशा कोणाकडून अपेक्षित होता, एवढं बघा.

पायरी 2 : सिनेमाने नको, सात मिनिटांनी सुरू करा

नव्या माणसाला सगळे सांगतात, 'लायन किंग' बघ. मी सांगतो, थांब. अमेरिकन ॲनिमेशनचं व्याकरण घडलं ते छोट्या पटांत. थिएटरात मुख्य सिनेमाआधी सहा-सात मिनिटांचं एक कार्टून दाखवायची पद्धत होती. सात मिनिटांत पात्राची ओळख, भांडण, तीन-चार फजित्या आणि शेवट. फुकट घालवायला एक सेकंद नसायचा.

1928 चा 'स्टीमबोट विली' एकदा बघा आणि सोडून द्या. मिकी, बोट, चित्राला नेमका जुळवलेला आवाज: इतिहासाला नमस्कार झाला. खरी गंमत पुढे वॉर्नर ब्रदर्समध्ये सुरू होते. तिथल्या कार्टूनवाल्यांना एक पडकी, लाकडी इमारत दिली होती. तिला तेच लोक 'टर्माइट टेरेस' म्हणायचे, म्हणजे वाळवीची माडी. तिथून टेक्स एव्हरी, बॉब क्लॅम्पेट, चक जोन्स असे एकेक वल्ली निघाले. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग या सगळ्यांचे आवाज मुख्यतः एकाच माणसाचे, मेल ब्लँकचे. संगीत कार्ल स्टॉलिंगचं.

माझ्या हिशोबाने पहिल्या आठवड्याला एवढे पुरेत. टॉमच्या पियानोचा 'द कॅट कॉन्चर्टो' (1947, यालाच ऑस्कर मिळालं, हॅना-बार्बेराच्या टॉम अँड जेरीला मिळालेल्या सातांपैकी एक). गाणाऱ्या बेडकाचा 'वन फ्रॉगी इव्हनिंग' (1955). बग्ज आणि त्याच्या मागे लागलेला शिकारी एल्मर चक्क जर्मन संगीतकार वाग्नरचा ऑपेरा गातात तो 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' (1957). रोडरनर पक्षी आणि त्याच्या मागे धावणाऱ्या कोयोटीचे कुठलेही दोन. आणि 'डक अमक' (1953), पण तो शेवटी. का ते पुढे येईल.

बेडकाच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण ती मला अजून छळते. इमारत पाडताना एका माणसाला पायाच्या दगडात बेडूक सापडतो. बेडूक टोपी-काठी घेऊन झकास गातो, नाचतो, पण फक्त त्याच्यासमोर. दुसरं कोणी आलं की नुसता डराव. माणूस कफल्लक होतो. त्या माणसाच्या तोंडी एक शब्द नाही. तो एजंटला समजावतो, नाटकगृह भाड्याने घेतो, वेड्यांच्या इस्पितळात जातो, सगळं हावभावांत. लोभ आणि अपमान यांची इतकी नेमकी गोष्ट सात मिनिटांत सांगणारा माणसांचा सिनेमा मला माहीत नाही.

पायरी 3 : आवाज बंद करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची.

कोयोटीचा एखादा भाग आवाज पूर्ण बंद करून बघा. कोयोटी कड्याच्या बाहेर धावत जातो, हवेत उभा राहतो. अजून पडत नाही. खाली बघतो. आपल्याकडे बघतो. त्या नजरेत 'आलं का पुन्हा लक्षात' असा थकलेला समजूतदारपणा असतो. मग पडतो. लहान लहान होत ठिपका होतो, दिसेनासा होतो, आणि थोड्या वेळाने खाली धुळीचा इवला फुगारा. या 'थोड्या वेळा'बद्दल चक जोन्सने लिहून ठेवलंय: कोयोटी दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, आणि तिथून फुगारा उठायला 14. तेरावर हशा येत नाही, पंधरावरही नाही. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात, म्हणजे हा माणूस सेकंदाच्या चोविसाव्या भागासाठी हटून बसला होता. तबलजीची सम आठवा, दुसरी उपमा मला सुचत नाही.

आवाज बंद केल्यावर दोन गोष्टी शोधायच्या. एक, पात्राचं वजन जाणवतं का? उडी मारून उतरताना अंग चेपतं, झेप घेताना ताणलं जातं. हे नसेल तर पात्र कागदाच्या कपट्यासारखं तरंगतं. दोन, आणि हे जास्त अवघड: पात्र काहीतरी करण्याआधी विचार करतंय हे दिसतं का? टॉम सापळा लावताना मिशा कुरवाळत क्षणभर थांबतो, तिथे त्याचं डोकं चालू असतं. प्रागच्या टॉमला लगेच हाच निकष लावा. हात-पाय हलतात, डोकं नाही.

आता उलटा प्रयोग. एखादं टीव्हीसाठी केलेलं जुनं कार्टून लावा आणि डोळे मिटून नुसतं ऐका. सगळं कळलं? मग बघायचं काय होतं? जोन्स अशा कार्टूनना 'सचित्र रेडिओ' म्हणायचा.

हे का झालं त्याला कारण आहे, आणि ते पैशाचं आहे. 1957 मध्ये टॉम अँड जेरी काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओने कार्टून विभागाला टाळं लावलं. त्यांचे जनक विल्यम हॅना आणि जो बार्बेरा रस्त्यावर आले आणि टीव्हीकडे वळले. टीव्हीकडे पैसा थोडा आणि भूक मोठी. मग काटकसर. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो? अस्वलाला टायची हौस म्हणून नव्हे. कॉलरमुळे डोकं आणि धड वेगळं करता येतं. धड तसंच ठेवायचं, नुसतं डोकं नव्याने काढायचं, जोड कॉलरखाली झाकला जातो. 'द फ्लिंटस्टोन्स' (1960) मध्ये फ्रेड धावतो तेव्हा मागून तीच खिडकी आणि तेच झाड किती वेळा जातं ते मोजा. घरात लहान मूल असेल तर त्याला मोजायला लावा, संध्याकाळ मजेत जाईल.

पण इथे माझीच पायरी मला थोडी सैल करावी लागते. कमी हलणारं ते वाईट, असं नाही. यूपीए नावाच्या स्टुडिओने 1950 मध्ये 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' केला: बोलण्याऐवजी नुसते आवाज काढणारा मुलगा, मागे जेमतेम दोन-चार रेघा आणि सपाट रंग. तिथे कमी हालचाल ही आवड आहे, लाचारी नाही. आणि 'सिम्पसन्स' माझ्या परीक्षेत सरळ नापास होतं. आवाज बंद केला तर हातात फार काही उरत नाही. तरी त्याची पहिली आठ-दहा वर्षं म्हणजे टीव्हीवरचं उत्तम विनोदी लेखन, असं मी छातीठोक सांगेन. तेव्हा आवाज बंद करणं हा निकाल समजू नका, आपण नक्की कशावर हसतोय ते त्याने कळतं.

पायरी 4 : डिस्नेकडे जा, पण क्रमाने जाऊ नका

'स्नो व्हाइट' 1937 चा. सेलवर, म्हणजे पारदर्शक कागदावर, हाताने चित्रं काढून बनवलेला अमेरिकेतला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. तो तयार होत असताना हॉलिवूडमध्ये लोक त्याला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणत होते. महत्त्व मोठं, पण तिथून सुरुवात केलीत तर राजपुत्र बघून कंटाळाल. त्याच्यात मुळात जीवच नाही. सात बुटके मात्र प्रत्येक जण वेगळा चालतो, ते बघण्यासाठी नंतर परत या.

माझा क्रम असा: आधी 'डंबो' (1941). जेमतेम 64 मिनिटं. आई साखळीने बांधलेली, गाडीच्या गजांतून नुसती सोंड बाहेर काढून ती पिल्लाला झुलवते. चेहरा दिसतही नाही धड. आवाज बंद करून बघा, तरीही चष्मा पुसावा लागतो. मग 'पिनोकिओ' (1940), आणि हा माझ्या मते हाताने काढलेल्या चित्रांचा कळस. खोडकर मुलगा बघता बघता गाढव होतो, सावलीत कान फुटतात, हाताचे खूर होतात आणि तो 'आई' म्हणून ओरडतो. सात वर्षांखालच्या मुलांना दाखवू नका. मोठ्यांनीही रात्री बघू नये.

'बॅम्बी' (1942) बद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. हरणं इतकी हुबेहूब काढलीत की बघणारा थक्क होतो आणि मग जांभई देतो. पण त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. 'बॅम्बी'वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जातककथेवर 'द बनियन डिअर' झाला, आणि त्या विभागात तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. तो पट मिळाला तर बघा. हरणांची वळणं ओळखीची वाटतील.

आता दोन रात्रींचा प्रयोग. पहिल्या रात्री 'स्लीपिंग ब्यूटी' (1959). प्रत्येक चौकट भिंतीवर लावावी अशी. आयव्हिंड अर्लने काढलेली झाडं म्हणजे मध्ययुगीन गालिचाच. सिनेमा प्रचंड महाग पडला. दुसऱ्या रात्री '101 डाल्मेशियन्स' (1961). आता बाहेरच्या रेघेकडे बघा. आदल्या रात्री रेघ मऊ, रंगीत, शाईने हाताने ओढलेली होती. आज ती काळी, खरखरीत, कुठे कुठे पेन्सिलीच्या खुणांसकट. मधल्या काळात झेरॉक्स यंत्र आलं होतं. चित्रकाराची मूळ पेन्सिल सरळ सेलवर उतरवता येऊ लागली, शाईवाल्या बायकांचा मोठा विभाग आटला आणि खर्च घसरला. झेरॉक्स नसतं तर ठिपक्यांची इतकी कुत्री कोणी काढलीच नसती. स्टुडिओच्या हिशोबाप्रमाणे एकेका पिल्लावर 32 ठिपके होते. वॉल्ट डिस्नेला ती रेघ रुचली नव्हती. मला विचाराल तर मला दुसरी रात्र जास्त आवडते. गालिचा बघून डोळे निवतात, पण त्या खरखरीत रेघेत चित्रकाराचा हात दिसतो.

'जंगल बुक' बघताना सिवनीचं जंगल शोधू नका. मूळ गोष्ट लिहिणारा किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, 1865 मध्ये. त्याची गोष्ट मध्य प्रदेशातली. डिस्नेने तिचा जॅझ क्लब केला. बल्लू म्हणजे रात्री उशिरा घरी येणारा, सगळ्यांचा लाडका काका. मला हे चालतं. ज्यांना किपलिंग प्रिय आहे त्यांना चालणार नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे. शेरखानची चाल मात्र दोघांनीही बघावी. मिल्ट काल नावाच्या चित्रकाराचं काम. वाघ घाईत नसतो, त्याला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, हे नुसत्या खांद्यांवरून कळतं.

पुढची वीस वर्षं मी झटपट ओलांडतो, तुम्हीही ओलांडा. थेट 1989 च्या 'द लिटिल मर्मेड'वर या, मग 'ब्यूटी अँड द बीस्ट' (1991), 'अल्लादीन' (1992), 'द लायन किंग' (1994). यातल्या पहिल्या तिन्हींचा कळीचा माणूस चित्रकार नव्हता. हॉवर्ड ॲशमन हा गीतकार रंगभूमीवरून आला होता, संगीतकार ॲलन मेंकेन त्याचा जोडीदार. आपल्या संगीत नाटकात पद आलं की कथा थांबते, गायक रंगतो, वन्स मोर मिळतो. ॲशमनकडे उलट: कथा गाण्यातच पुढे सरकते. 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या पहिल्या गाण्यात गाव, नायिका, तिचं पुस्तकवेड, गावकऱ्यांची कुजबुज आणि खलनायक, सगळं उरकतं. संवादांत करायला गेलं असतं तर पाऊण तास लागला असता. ॲशमन 1991 च्या मार्चमध्ये गेला, सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच. सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला ॲनिमेशनपट.

पायरी 5 : कॉम्प्युटर आला, म्हणजे नक्की काय बदललं ते बघा

'टॉय स्टोरी' (1995) हा पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला पहिला लांबीचा सिनेमा. आज बघताना त्यातली माणसं आणि कुत्रा बघा: मेणाचे वाटतात. त्या काळी कॉम्प्युटरवर जे काढावं ते प्लास्टिकसारखं दिसायचं. मग तो काढणाऱ्या पिक्सार स्टुडिओने काय केलं, गोष्टच प्लास्टिकच्या खेळण्यांची घेतली! अडचणीला विषय करून टाकणं ही या धंद्यातली खरी हुशारी. योगीच्या कॉलरचीच ही पुढची पिढी.

पिक्सारचा उत्तम काळ माझ्या मते 2003 ते 2010. 'फाइंडिंग नीमो', 'द इन्क्रेडिबल्स', 'रॅटॅटुई', 'वॉल-ई', 'अप', 'टॉय स्टोरी 3'. 'अप' (2009) ची सुरुवात बघा: लग्न, घर, न झालेलं मूल, न झालेला प्रवास, म्हातारपण, मरण. चारेक मिनिटं, एक शब्द नाही, मागे एकच चाल निरनिराळ्या वेगाने. 'वॉल-ई' (2008) चा पूर्वार्ध तर जवळजवळ मूकपट. कचरा गोळा करणारा डबा, डोळ्यांच्या जागी दुर्बीण, आणि आपण त्याच्यासाठी हळहळतो. उत्तरार्धात जाडजूड माणसं येतात, बोलू लागतात आणि सिनेमा साधा होतो. माझ्या घरात यावर एकमत नाही.

'श्रेक' (2001) बद्दल. ॲनिमेशनपटांसाठीचं वेगळं ऑस्कर सुरू झालं तेव्हा पहिलं यालाच मिळालं. डिस्नेच्या गोडव्यावर त्याने मारलेली थप्पड तेव्हा हवीच होती. पण त्या काळच्या गाण्यांवर आणि सिनेमांवर केलेले विनोद शिळ्या पोळीसारखे लगेच कडक होतात. त्यानंतर प्रत्येक स्टुडिओला वाटू लागलं की प्रसिद्ध नटाचा आवाज घेतला की पात्र आपोआप उभं राहतं. नाही राहत. मेल ब्लँकचा चेहरा किती जणांना माहीत होता?

मग 2018 चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'. आधी एक तांत्रिक गोष्ट. सेकंदाला 24 फ्रेम, पण चित्रं 24 काढायलाच हवीत असं नाही. एकच चित्र दोन फ्रेमना वापरलं तर बारात भागतं, हालचाल किंचित तुटक दिसते. जुने चित्रकार याला 'ऑन टूज' म्हणायचे. या सिनेमात जंगलातून झोके घेण्याचा प्रसंग आहे. अनुभवी पीटर सफाईदार हलतो, नवशिका माइल्स तुटक, कारण त्याला मुद्दाम टूजवर ठेवलंय. त्याला कसब जमतं तेव्हा त्याची हालचाल गुळगुळीत होते. साठ वर्षांपूर्वी जी काटकसर होती तिचा इथे अभिनय झाला. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतला हा सगळ्यात महत्त्वाचा अमेरिकन ॲनिमेशनपट. 2023 च्या दुसऱ्या भागात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं 'मुंबॅटन' आहे. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर 'चाय टी' म्हणणाऱ्याला झापतो तिथे आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या.

परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांसाठी एक खास शिफारस. पिक्सारचा 'संजयज सुपर टीम' (2015), सातेक मिनिटांचा. बाबा देवापुढे ध्यान लावून बसलेत, पोराला टीव्हीवरचे सुपरहिरो बघायचेत. संजय पटेल या भारतीय वंशाच्या कलाकाराने स्वतःच्या लहानपणावरून केलेला. देव्हारा, घंटा, टीव्हीचा रिमोट. आजोबांसोबत बघा.

पायरी 6 : हिंदीत बघू की इंग्रजीत?

निदान पहिल्यांदा मूळ भाषेत. कारण भाबडं नाही: अमेरिकन पद्धतीत आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रकार तो ऐकत ओठ, भुवया, खांदे काढतो. श्वास कुठे घेतला हेसुद्धा चित्रात उतरलेलं असतं. अर्थात लहान मुलांना हिंदी लावून द्या, शुद्धतेचा बाऊ नको. 'डकटेल्स'मधला अंकल स्क्रूज मला आजही हिंदीतच बोलताना ऐकू येतो.

पायरी 7 : डाग दिसतील, तारीख बघून बघा

जुनी कार्टून्स बघताना मध्येच तोंड कडू होतं. टॉम अँड जेरीमध्ये घर सांभाळणारी, बहुधा पायच दिसणारी कृष्णवर्णीय बाई त्या काळच्या अमेरिकन वर्णद्वेषी साच्यातून आलेली आहे. 1960 च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी दुसरीच बाई काढली गेली. वॉर्नरची 11 कार्टून्स अशाच चित्रणापायी 1968 मध्ये टीव्हीवरून कायमची काढली. 'अल्लादीन'च्या पहिल्या गाण्यात चेहरा आवडला नाही तर कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकन लोकांनी आवाज उठवल्यावर 1993 मध्ये ती बदलली. त्यातला राजवाडा बघा, ताजमहाल आठवतो. अरबस्तान काय, आग्रा काय, त्यांच्या लेखी एकच.

आपल्याला थेट लागतो तो 'सिम्पसन्स'मधला दुकानदार अपू. गोऱ्या नटाने काढलेला 'भारतीय' उच्चार. आम्ही मित्र मिळून मनसोक्त हसलो होतो त्याच्यावर, हे कबूल करतो. तिकडे वाढलेल्या भारतीय पोरांना शाळेत त्याच आवाजात चिडवलं जायचं, हे हरी कोंडाबोलूच्या 2017 च्या माहितीपटामुळे चर्चेत आलं. 2020 मध्ये त्या नटाने, हँक अझारियाने, तो आवाज सोडला. मला वाटतं, इथे बसून हसणं आणि तिथल्या वर्गात बसून ते ऐकणं ही दोन वेगळी कार्टून्स आहेत. कापून टाकावं या मताचा मी नाही. मुलांसोबत बघताना थांबवून बोलावं.

आणि सगळीच कार्टून्स मुलांसाठी असतात हा समज टाका. राल्फ बक्षीचा 'फ्रिट्झ द कॅट' (1972) अमेरिकेत 'एक्स' प्रमाणपत्र मिळालेला पहिला ॲनिमेशनपट. मांजर बघून पोरांना लावून देऊ नका, पस्तावाल. बाहुल्या एकेक फ्रेम हलवून केलेला 'कोरालाइन' (2009) सुद्धा दहा वर्षांच्या पुढेच. डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली आई मला अजून आठवते.

पायरी 8 : मत बनवा, आणि लिहून ठेवा

एक साधी वही. प्रत्येक वेळी तीनच नोंदी. कुठली हालचाल लक्षात राहिली? कुठे मोबाइलकडे हात गेला? आणि हेच खऱ्या माणसांना, खऱ्या जनावरांना घेऊन केलं असतं तर काय गेलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डिस्नेनेच देऊन ठेवलंय. 1994 चा 'लायन किंग' आणि 2019 चा, खऱ्या प्राण्यांसारखा दिसणारा, शेजारी शेजारी लावा. छोटा सिंबा राजा होण्याचं गाणं म्हणतो ते बघा. जुन्यात जंगलाचे रंगच बदलतात, सगळं सपाट, भडक होतं, प्राण्यांचे मनोरे उभे राहतात, कारण ते एका पोराच्या डोक्यातलं राज्य आहे. नव्यात सिंहाचे छावे पाणवठ्यावरून पळतात. केस न् केस खरा. पण खऱ्या सिंहाला भुवई उडवता येत नाही.

भाचीच्या वहीतली पहिली नोंद मी चोरून वाचली: "टॉम बोटांनी थकतो तेव्हा पायांनी वाजवतो. तेव्हाही सूर बरोबर." मी पुढचं पान उलटलं नाही.

आता 'डक अमक'. एवढं सगळं बघून झाल्यावर एका रात्री तो लावा. डॅफी तलवार परजत येतो आणि पाठीमागचा देखावाच संपतो, पांढरा कागद. चित्रकार त्याचा छळ मांडतो: रंग चुकीचे, अंग चुकीचं, चौकट मोडलेली. या एका पटाला मात्र आवाज बंद करू नका. मध्येच टीव्ही बिघडला असं वाटेल, डॅफी गिटार छेडतोय आणि काहीच ऐकू येत नाही. रिमोट शोधू नका. तो एक पाटी वर धरेल: कृपया आवाज.